मुगवड्यांवरची सावली

"सात नंबर थांबव," असं तृप्ती फोनवर म्हणायची आणि पलीकडून प्रतीक म्हणायचा, "थांबला, मॅडम."

मॅडम हे चिडवणं होतं. सौंसरच्या कॉलेजात दोघं तीन वर्षं एकाच सूक्ष्मदर्शकासाठी भांडले होते. पवनचक्क्यांच्या कंपनीत तो आधी लागला, बोरगावच्या कंट्रोल रूममध्ये. पक्ष्यांवर नजर ठेवायला माणूस हवाय हे त्यानेच तिला सांगितलं. रामाकोन्याच्या डोंगरावर लोखंडी मचाण, गळ्यात दुर्बीण, मांडीवर रजिस्टर. मोठा पक्षी पात्यांच्या रोखाने निघाला की फोन करायचा. मशीन थांबे, पक्षी निघून गेला की पुन्हा सुरू होई. रजिस्टरात पाच रकाने होते: वेळ, पक्षी, दिशा, मशीन, थांबल्याची वेळ.

नऊ मशीन होती. आठ मचाणावरून दिसत. तिने फोन केला की मिनिटभरात त्यांची पाती सुस्तावत आणि थांबत, आणि प्रत्येक वेळी तिला आत कुठेतरी बरं वाटे. सात नंबर तेवढं डोंगराच्या सोंडेआड, खालच्या पठारावर. पहिल्याच आठवड्यात तिने लिहून दिलं होतं की तिथून सात नंबर दिसत नाही, मचाण हलवावं. "साहेबाले देतो," प्रतीक म्हणाला होता. मचाण हललं नाही. सातच्या ओळीत ती फोनवर ऐकलेली वेळ लिहू लागली.

खरं तर ती इथे सात नंबरसाठीच आली होती. ते मशीन तिच्या मावशीच्या, केसरबाईच्या संत्र्याच्या बागेला लागून होतं, आणि बागेच्या कडेला धुऱ्यावरच्या बेहड्याच्या झाडावर सापमार गरुडाची जोडी दरवर्षी घरटं करायची. वर्षाला एकच अंडं. झाडाखाली निंदायला बसणाऱ्या बाया त्या जोडीच्या भरवशावर निर्धास्त असत; मादीला भरवायला नर दिवसाला दोन-तीन साप न्यायचा. मावसाजी, यशवंतराव, मशीन उभारायला बागेतून रस्ता द्यायला तयार नव्हते. तृप्तीने त्यांना समजावलं होतं, "मी बसणार ना वर. पाखरू आलं की पंखा बंद." तेव्हा कुठे त्यांनी सही केली.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी केसरबाईचा फोन आला.

"व पोरी, तू ये बरं इकडे. तुह्या मावसाजीले पंख सापडलं."

तृप्तीने पहिल्यांदाच कोणाला न सांगता मचाण सोडलं.

यशवंतरावांनी ते एका पोत्यावर ठेवलं होतं. खांद्यातून उडालेला पंख, खालून पांढरा, त्यावर फिकट आडव्या रेघा. बाकीचं धड कापसाच्या पऱ्हाटीत, मशीनपासून साठ पावलांवर. पायात अजून धामणीचा तुकडा होता. तृप्तीने पंख मोजला, फोटो काढले, मग रजिस्टर उघडलं. कालचीच नोंद होती: चार पन्नास, सापमार, एकटा, पूर्वेकडे, सात नंबर. थांबले: चार एक्कावन्न ते पाच दहा.

"मलेच उशीर झाला असंल," ती हळूच म्हणाली. "पातं पूर्ण थांबायले मिनिट लागते. मी आधी फोन करायचा होता."

यशवंतराव पोतं घेऊन विहिरीकडे गेले.

केसरबाईने चहा आणला. ओट्यावर बाजेवर धोतर पसरून मुगवड्या घातल्या होत्या. चहा ठेवता ठेवता तिने बाज हातभर सरकवली.

"काऊन सरकवून राहिली?" तृप्तीने विचारलं.

"आता सुरू होईन त्या पंख्याचा नाच. उन्हं उतरली का त्याची सावली ओट्यावर येते. एक गेली का दुसरी, एक गेली का दुसरी. डोयात चमकते, डोकं उठते. काल तर तीनदा सरकवली बाज."

तृप्तीचा कप हातातच राहिला. "काल? किती वाजता?"

"पाच वाजता लाइट आली ना, मी मोटर चालू कराले उठली, तवा इथूनच तर गेली. सावली अंगावरून गेली माह्या."

"मावशी, काल पाचले सात नंबर बंद होता."

"कोन म्हनते?"

"रजिस्टरमध्ये लिहिलं हाय."

"लिहिलं असंल, बाप्पा," केसरबाई म्हणाली. "बंद होता तर मी बाज कायले सरकवली? येडी झाली का मी?"

तृप्तीने घड्याळ काढलं आणि ती ओट्याच्या पायरीवर बसली. पावणेपाचला सावली आली. आधी अंगणातल्या तुळशीवरून, मग पायरीवरून, मग वड्यांवरून. तिने मोजलं. मिनिटाला छत्तीस वेळा. पाती तीन, म्हणजे बारा फेरे. वारा बरा होता.

आभाळ रिकामं होतं. तिने फोन लावला.

"सात नंबर थांबव. सापमार आहे." न दिसलेला पक्षी ती आयुष्यात पहिल्यांदाच सांगत होती.

"थांबला, मॅडम. चार बावन्न लिहून घे."

छत्तीस. पुढच्या मिनिटाला छत्तीस. पाच मिनिटं तिने मोजलं, सावली वड्यांवरून तशीच जात राहिली. मग तिने पुन्हा फोन लावला.

"प्रतीक, मी मचाणावर नाही. मावशीच्या ओट्यावर बसून राहिली."

पलीकडे कोणीतरी हसत होतं, मग दार लागल्याचा आवाज आला. प्रतीक बाहेर आला असावा.

"तृप्ती, हे पाय. बाकीचे आठही थांबवतो ना आपण? तू सांगितलं का थांबवतो. सातले सगळ्यात जास्त वारा हाय. साहेब म्हणे, ते नाही थांबवायचं."

"अन् मले थांबला म्हणून सांगायचं, हेही साहेबच म्हणे?"

"तुले दिसत तर नव्हतंच ना. तूच लिहून दिलं होतं."

तिने रजिस्टर मांडीवर ओढलं.

"तो कागद वाचूनच त्यायनं ठरवलं," तो म्हणाला. आता त्याचा आवाज रडवेला झाला होता. "मी बोललो असतो तर मले काढलं असतं. तू असती तर काय केलं असतं?"

"एकदा सांगितलं असतं," तृप्ती म्हणाली. "निदान मॅडम तरी म्हटलं नसतं."

तिने फोन ठेवला. रजिस्टर मागून पुढे चाळलं. सात नंबरच्या एक्केचाळीस नोंदी, सगळ्या तिच्या स्वच्छ अक्षरात. परवाच्या ग्रामसभेतल्या फलकावर कंपनीने सात नंबरचा तेव्हाचा आकडा लावला होता, चाळीस वेळा पक्षी वाचवले, खाली तिचं नाव. ऐकलेलं पाहिलेल्याच्या रकान्यात लिहायचं नाही, हे प्रयोगवही लिहिताना ती पहिल्याच वर्षी शिकली होती. आठ मशीन थांबलेली डोळ्यांनी पाहिली म्हणून नववं थांबलं असं ती धरून चालली. आणि धरून चालायला समोर माणूस ओळखीचा होता.

तिने पेन काढलं. एकेका नोंदीसमोर लिहिलं: हे मी पाहिलं नाही. एक्केचाळीस वेळा लिहिलं. मग आजची ओळ: चार बावन्न. पक्षी नव्हता, मी खोटं सांगितलं. सात नंबर थांबवल्याचं कळवलं गेलं. मशीन फिरत होतं, हे मी पाहिलं. साक्षीदार केसरबाई.

"माह्यं नाव कायले?" केसरबाईने विचारलं.

"तू पाहिलं म्हणून."

यशवंतराव विहिरीकडून परत आले, हात ओले. तृप्ती उठून उभी राहिली. "मावसाजी, मी तुमाले जे सांगितलं होतं ना..."

"ते राहू दे," ते म्हणाले. "तिकडे पाय."

बेहड्यावरच्या घरट्याच्या काठावर मादी उभी होती. कालपासून तिला कोणी भरवलं नव्हतं. दोनदा तिने मान आत घातली, अंडं पाहत असावी, मग पंख उघडून ती धुऱ्यावरून खाली सुटली आणि उतरत्या उन्हात वर चढत चढत पश्चिमेला निघाली, जिकडे रोज नर जायचा. मध्ये सात नंबर होतं.

तृप्तीने फोन वर घेतला. मशीन थांबवायला तिच्याजवळ एकच नंबर होता, प्रतीकचा. तिने तोच लावला.