पट्टा सैल

“तो पाय दे रे इकडे. कपाटाला टेकून उभा आहे बघ,” भावोजी म्हणाले. “हल्ली माझ्यापेक्षा तोच जास्त उभा असतो.”

मोजणीदाराने नकली पाय उचलून दिला, पण त्याला हसू आलं नाही. मोजणीदार हे नाव भावोजींनीच ठेवलेलं. धावण्याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं त्याचं काम एकच: माणसाच्या पोटरीवर सेन्सर बांधायचा, त्याला ट्रेडमिलवर पळवायचं आणि तो थांबला की स्नायूतला प्राणवायू किती वेळात भरून येतो ते मोजायचं. धडधाकट पोटरीत निम्मा प्राणवायू अर्ध्या मिनिटाच्या आत परततो.

गेल्या वर्षी एका प्रयोगासाठी चाळिसावा माणूस मिळेना, तेव्हा त्याने ताईच्या नवऱ्याला गळ घातली. भावोजी नवे बूट घालून आले आणि सगळ्यांची थट्टा करत पळाले. उजवी पोटरी चोख निघाली. डावीला दोन मिनिटं लागली.

“डावा जरा भरून येतो रे,” ते म्हणाले. “वय झालं, दुसरं काय!”

आलेखाची रेघ वाकडी आली की खापर सेन्सरच्या पट्ट्यावर फोडायचं, ही तिथली जुनी रीत. ‘पट्टा सैल’ असा शेरा मारला की ते मोजमाप बाद. त्याने पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं होतं. बोट जात नव्हतं. तरी त्याने शेरा मारला, कारण पुन्हा पळवायचं तर आणखी एक दिवस गेला असता आणि साहेब अहवालासाठी खोळंबले होते. आठ महिन्यांनी डाव्या पायाची रक्तवाहिनी पार बंद झाली. गुडघ्याखालून पाय कापावा लागला.

ताई चहा घेऊन आली. दर रविवारी म्हणायची तेच आजही म्हणाली, “डॉक्टर म्हणाले ना, थोडं आधी कळलं असतं तर...”

“मला कळलं होतं, ताई.”

मग त्याने सगळं सांगितलं, बोटाचंसुद्धा. ते सांगताना लाजेने तो हातातल्या कपाकडेच बघत राहिला.

“घाईत राहून गेलं असेल,” भावोजी हळूच म्हणाले.

“नाही. मला दिसलं होतं.”

ताईने त्याच्या हातातला भरलेला कप काढून घेतला आणि ट्रेमध्ये ठेवला. “दर रविवारी इथे येऊन माझ्याकडून हे ऐकत होतास,” ती म्हणाली, “आणि मी तुलाच धीर देत होते.”

“ताई...”

“आज जा तू. पुढचं पुढे बघू.”

तो दारात जाऊन चपला घालू लागला. मागे कुबडी सरकल्याचा आवाज झाला. पाहुण्याला दारापर्यंत सोडायची भावोजींची सवय मोडली नव्हती. ते निघाले, खुर्चीपाशी थांबले, पुन्हा निघाले. मोजणीदार त्यांना धरायला पुढे झाला.

“तिथेच थांब,” भावोजी म्हणाले. “येतो मी.”

त्यांना यायला बराच वेळ लागला. ताई भिंतीला टेकून बघत राहिली, आणि तो दारात उभा राहून वाट बघत राहिला. भावोजी पोचले, धापा टाकत चौकटीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, “नीट जा.”