आत ओढलेला सूर

मी एक जुना माउथ ऑर्गन आहे मित्रांनो, आणि ओळख करून देण्याआधी एक गाऱ्हाणं मांडतो. सगळे मला फुंकायचं वाद्य म्हणतात. साफ चूक! माझे जितके सूर फुंकल्यावर येतात, तितकेच श्वास आत ओढल्यावर येतात. ही अर्धी गोष्ट माझ्या मालकिणीलासुद्धा कितीतरी वर्षं माहीत नव्हती. ती कशी कळली, हीच माझी कहाणी.

कारखान्यात आधी माझी लाकडी फणी कापली गेली. तिच्या दातांमधल्या जागा म्हणजे माझ्या दहा छोट्या खोल्या. फणीच्या वर आणि खाली पितळेची एकेक पट्टी बसवली, आणि त्या पट्ट्यांवर केसाला लाजवतील अशा पातळ पितळी जिभा. प्रत्येक खोलीत दोन जिभा राहतात. एक फुंकल्यावर बोलते, दुसरी ओढल्यावर. दोघी कधीच एकमेकींचं बोलणं तोडत नाहीत. तुमच्या वर्गात आहे का एवढी शिस्त? शेवटी पत्र्याची चकचकीत झाकणं स्क्रूंनी आवळली आणि कडेला 'सी' अक्षर ठोकलं. म्हणजे सी हा माझा मूळ सूर.

मला घेतलं मावशीने. ती खरं तर भुंग्याची मावशी. भुंगा म्हणजे तिची भाची, आठवीतली. सतत काहीतरी गुणगुणते म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. भुंग्याचं घर आणि मावशीचं घर एकाच मजल्यावर, समोरासमोर, त्यामुळे भुंगा नक्की कुठे राहते हे तिच्या आईलाही सांगता येत नाही.

मावशीचं काम ऐकाल तर थक्क व्हाल. ती काच फुंकते! तुमच्या प्रयोगशाळेत गोल बुडाचा चंबू असतो ना, तसले चंबू आणि वेड्यावाकड्या नळ्या ती बनवते. काचेची नळी ज्योतीत सारखी फिरवत राहायची. ती लाल होऊन मऊ पडली, की तिला जोडलेल्या रबरी नळीतून तोंडाने हवा सोडायची. काच फुगते. हवा कमी पडली तर चंबू चेपका, जास्त झाली तर फुगा, आणि मधेच दम तोडला तर सगळंच मुसळ केरात. मावशीचा दम वर्कशॉपमध्ये नावाजलेला होता. तिथले साहेब मोठे चंबू तिच्याशिवाय कुणाला देतच नसत.

मी तिच्या एप्रनच्या खिशात राहायचो. चहाची सुट्टी झाली की बिस्किटं खाऊन ती मला तोंडाला लावायची, तशीच, चूळ न भरता. आणि फुंकायची! सगळी गाणी माझ्या चौथ्या खोलीत फुंकून सुरू, तिथेच फुंकून संपणार. वाजवणारे याला पहिली पोझिशन म्हणतात. माउथ ऑर्गन सीचा, गाणंही सीमध्ये, सगळं सरळ. लोक टेबलावर ताल धरायचे, वाहवा करायचे. ओढायच्या जिभा मात्र बहुतेक गप्पच. त्यांच्याकडे फक्त बिस्किटाचा भुगा यायचा.

मग मावशीला न्यूमोनिया झाला.

ती दवाखान्यात होती तेव्हा मी कपाटाच्या खणात, सेफ्टी पिना आणि जुन्या किल्ल्यांमध्ये पडून होतो. ती घरी परतली ती निम्मी होऊन. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायची आणि "मी नोटीस वाचतेय" असं सांगायची. तिथे नोटीस नव्हतीच.

जरा बरं वाटताच तिने एप्रन चढवला, मला खिशात टाकलं आणि वर्कशॉप गाठलं. ज्योतीत काच मऊ झाली, मावशीने फुंकलं, आणि अर्ध्यावर खोकल्याची उबळ आली. चंबू एका बाजूने असा सुजला, जणू त्याची दाढ दुखतेय.

गार झाल्यावर साहेबांनी तो हातात घेतला, पण ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाई, घाई नको. महिनाअखेरपर्यंत तुमची जागा तशीच ठेवतो. नाहीच जमलं तर पॅकिंगला बसा. पॅकिंग काय वाईट आहे?"

"वाईट काहीच नाही," मावशी म्हणाली. पण एप्रनच्या खिशात तिची मूठ माझ्याभोवती आवळली होती. पॅकिंगचं टेबल भिंतीकडे तोंड करून होतं. तिथून ज्योत दिसत नव्हती.

श्वासाचे व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट ताई घरी येऊ लागली. तिने प्लास्टिकचं एक खेळणं दिलं. तीन कप्पे, प्रत्येकात एक रंगीत चेंडू, बाजूला नळी. मावशीने नळी तोंडात धरली आणि गाल फुगवून अशी फुंकर मारली की डोळ्यांत पाणी आलं. चेंडू ढिम्म हलले नाहीत.

"काकू, फुंकू नका! ओढा. श्वास आत ओढला की चेंडू वर जातात."

"आत?" मावशीचा विश्वासच बसेना. "अगं, इतकी वर्षं फुंकून पोट भरतेय मी."

"म्हणूनच सांगते. आत घेतलंच नाही तर बाहेर काय सोडणार?"

मावशीने ओढलं. एक चेंडू जेमतेम टुणकन उडाला आणि खाली बसला. भुंगा हसून लोळली. "मावशी, तो तुला बघून घाबरला!"

पण खेळण्याचा मावशीला दोन दिवसांत कंटाळा आला. ते खिडकीत गेलं, आणि तिसऱ्या दिवशी त्यावर मोजे वाळत होते.

त्याच सुमारास भुंग्याला गिटार मिळाली, आणि तिच्यावर ब्लूजचं भूत बसलं.

"ब्लूज म्हणजे काय गं?" मावशीने विचारलं.

"तक्रार. पण तालात."

"मग तुझी आई रोज ब्लूजच गाते की!"

दोघींनी एकत्र वाजवायचं ठरवलं. मला खणातून काढलं. मावशीला सी हवा होता, पण सीमध्ये वाजवायचं तर गिटारवर एफ हा एकत्र छेडायचा सूरसमूह लागतो, आणि एफसाठी पहिल्या बोटाने सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात. भुंग्याचं बोट काही तेवढं दाबेना. एफ आला की गिटार पत्र्यावर खडे पडल्यासारखी वाजायची.

"मला जी येतो, सी येतो, डी येतो. मी जीमध्येच वाजवणार," भुंगा म्हणाली.

"माझा बाजा सीचा आहे, बाई."

"मग तू बघ तुझं!"

मावशीने पहिल्या पद्धतीने फुंकून पाहिलं. एका ओळीत दम संपला. सूर जुळत नव्हते ते वेगळंच. ती धापा टाकत मागे टेकली. मी अजून तिच्या ओठांतच होतो. भुंग्याने हट्टाने पुन्हा जी छेडला, आणि नेमका त्याच वेळी मावशीने दमून मोठा श्वास आत घेतला. माझ्यातून!

मित्रांनो, माझ्या पहिल्या चार खोल्या आत ओढल्या की जो सूरसमूह उठतो, तो चक्क जी असतो. गिटार आणि मी एकाच तोंडाने बोललो.

"पुन्हा ओढ," भुंगा कुजबुजली.

ही झाली दुसरी पोझिशन. माउथ ऑर्गन सीचा, पण गाण्याचं घर जीमध्ये, म्हणजे माझ्या दुसऱ्या खोलीत, तेही ओढून. ब्लूज वाजवणाऱ्यांची ही सगळ्यात लाडकी जागा. कारण ओढलेला खालचा सूर वाजवणाऱ्याला तोंडातली आपली जीभ मागे खेचून खाली वाकवता येतो. वाकला की तो कण्हतो, लाडात येतो, तक्रार करतो. सरळ फुंकलेल्या गाण्यात ही गंमत कुठली!

शिवाय ओढता ओढता मावशीचा श्वासाचा व्यायामही आपसूक होणार होता. फक्त एक अडचण होती. दुसऱ्या खोलीची ओढायची जीभ, म्हणजे नेमकं घरच, मुकं होतं. बाकीच्या खोल्यांनी सांभाळून घेतलं होतं, पण एकटी वाजवली की नुसती हवा यायची. कित्येक सुट्ट्यांचा बिस्किटाचा भुगा तिथे दगड होऊन बसला होता.

भुंग्याने ते मनावर घेतलं. मावशी झोपली असताना तिने मला गरम पाण्यात, साबण घालून, बुडवून ठेवलं. बिचारीचा हेतू चांगला होता. पण माझी फणी लाकडाची! लाकडाने पाणी पिऊन घेतलं, दात फुगून बाहेर आले, आणि मावशीने मला तोंडाला लावताच तिचा ओठ कापला.

"हे काय झालं याला?"

"मी... आंघोळ घातली," भुंगा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. रडतच ती म्हणाली, "आता तुझे व्यायाम कसे होणार? माझ्यामुळे तू पॅकिंगला जाशील!"

मावशीने ओठाला रुमाल लावला. "आधी डोळे पूस. मग तो बारीक स्क्रू ड्रायव्हर आण."

तिने मला उघडलं. फणी सावलीत वाळत ठेवली, उन्हात नाही, नाहीतर तडकते. मी सुट्या भागांत कागदावर पसरलो होतो आणि महिना पुढे सरकत होता. मावशीने खिडकीतल्या खेळण्यावरचे मोजे काढले. "तोवर हेच," ती म्हणाली. चेंडू वर जाताना भुंगा शेजारी गिटारवर जी धरायची, म्हणजे कंटाळा कमी. पहिला वर गेला. मग दुसरा.

फणी वाळल्यावर मावशीने बारीक पॉलिश पेपरने फुगलेले दात घासून सपाट केले आणि कडांना मेण चोळलं. अडकलेला भुगा भुंग्याने काढला. लाकडी काडीचं टोक, खिळ्याने पक्क्या केलेल्या बाजूकडून जिभेच्या मोकळ्या टोकाकडे, हलक्या हाताने. उलटं केलं तर जीभ वाकते आणि सूर कायमचा बिघडतो. भुंगा त्या वेळी गुणगुणतही नव्हती, यावरून ओळखा.

स्क्रू आवळले. मावशीने चूळ भरली (हो, चूळ!) आणि दुसऱ्या खोलीतून श्वास आत घेतला. घर बोललं.

त्यानंतर रोज संध्याकाळी आमचा जीमधला ब्लूज. मावशी खेचून नाही, पोटातून सावकाश ओढायची. जोर केला की माझ्या जिभा थकतात, बेसूर होतात, हे तिला कळलं होतं. ती कधी हसायची, कधी खोकायची, पण ओळी लांबत गेल्या. एके दिवशी जिन्यातली नोटीस न वाचताच ती वर आली, आणि भुंग्याने कठड्यावरून खाली वाकून टाळ्या वाजवल्या.

महिनाअखेरीला मी पुन्हा एप्रनच्या खिशात होतो. साहेब ज्योतीच्या पलीकडे हात मागे बांधून उभे. मावशीने काचेची नळी फिरवायला घेतली. काच लाल झाली. रबरी नळी तिच्या दातांत होती. पूर्वीची मावशी लगेच फुंकून मोकळी झाली असती. ही थांबली. तिने नाकाने श्वास आत घेतला, सावकाश, पोट भरेपर्यंत. माझी दुसरी खोली वाजवताना घेते तस्साच. मग सोडला. काच फुगू लागली, सगळीकडून सारखी. फुंकर मधे कुठे तुटली नाही, खोकला आला नाही.

साहेबांनी गार झालेला चंबू उजेडात धरून गोल फिरवला.

"मग पॅकिंगला कोण बसणार?" ते म्हणाले.

"तुम्ही बसा की, साहेब. पॅकिंग काय वाईट आहे?"

सगळं वर्कशॉप हसलं. साहेबही हसले. आणि सुट्टीत मावशीने बिस्किटाचा पुडा बाजूला सारला, चूळ भरली आणि मला बाहेर काढलं.

आता भुंग्याला एफ येतो. जमला त्या दिवशी ती उड्या मारत आली. "मावशी, चल, आता तुझ्या जुन्या सीमध्ये वाजवू!" मावशीने वाजवलं, आणि मधेच थांबून म्हणाली, "छान आहे गं. पण तिथे मी आता पाहुणी वाटते." मग त्या तिसऱ्या पोझिशनच्या मागे लागल्या. त्यात घर चौथ्या खोलीत, ओढूनच, आणि सूर जरा उदास. ज्या खोलीत मावशी वर्षानुवर्षं फुंकत आली, तिथेच ओढायच्या सुराचंही एक घर होतं!

तुमच्या घरीही एखाद्या खणात माझा भाऊबंद पडला असेल. त्याला बाहेर काढा. तोंडाला लावण्याआधी चूळ भरा. वाजवून झालं की छिद्रं खाली करून तळहातावर हलकेच आपटा, ओल निघून जाऊ द्या, आणि थोडा उघड्यावर वाळला की मगच डबीत ठेवा. फणी लाकडाची असेल तर आंघोळ अजिबात नको. आणि सूर फुटला नाही तर लगेच जोर करू नका मित्रांनो. आधी श्वास आत घेऊन बघा.