माझ्या दारावरचा चौथा नंबर

मी एक जुना फ्रीज आहे. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या एका लहानशा गावात, ओरेस्टच्या गॅरेजमध्ये उभा आहे. कारखान्यातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. बावीस वर्षं स्वयंपाकघरात लोणी, कोबी, बटाट्याचं सारण भरलेली पेरोगी सांभाळली. मग ओरेस्टच्या बायकोनं, नादियानं, नवा फ्रीज आणला आणि माझी रवानगी इथं बिअर राखायला झाली. तेव्हापासून माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

मालकही तसाच. मित्रांनो, दर जूनमध्ये बर्फावरच्या हॉकीचे मोठे संघ आळीपाळीनं नवे तरुण खेळाडू निवडतात. त्याआधी वर्षभर ओरेस्ट आपला क्रम लावतो. माझ्या दारावर त्यानं वीस रेघा मारल्या आहेत. प्रत्येक नावाची एक चिठ्ठी, तिच्यावर लोहचुंबक. छापील याद्यांवर त्याचा काडीचा भरवसा नाही.

"उंची कसली मोजतात? पडदे शिवायचेत का?" असं तो म्हणतो.

गोलांच्या आकड्यांवर त्याचा संशय, बापांच्या कौतुकावर तर फारच. तो एकच गोष्ट बघतो. खेळातली रबरी चकती हिसकावली गेली की पोरगा मान खाली घालून उभा राहतो, की परत मागे धावतो?

या कसोटीवर पोझनिक नावाचा बुटका बचावपटू चौथा आला. पण मार्चमध्ये त्याची चिठ्ठी दारावरून खाली घसरू लागली. आज पाचव्या रेघेवर, आठवड्यानं सातव्या. ओरेस्ट रोज तिला वर चढवी आणि रोज चरफडे. गॅरेजची दुसरी किल्ली होती शेजारच्या लाइलकडे. तीस वर्षांची दोस्ती, निवडीचा दिवस दोघांनी मिळून बघायचा हा नेम. पण लाइलला पोझनिक पसंत नव्हता.

"खरं सांग, पोझनिकला हात लावलास?" ओरेस्टनं एकदा त्याला विचारलंच.

"बिअरला लावला, कबूल. तुझ्या चिठ्ठ्यांना कशाला लावू?"

"किल्ली ठेव इथं."

लाइलनं किल्ली माझ्या डोक्यावर ठेवली आणि तो गेला, तो फिरकलाच नाही. मलाही तोच चोर वाटला. मला माझं दार कुठं दिसतं!

निवडीच्या दिवशी गॅरेजमध्ये टीव्ही लागला. खुर्च्या दोन, माणूस एक. नादिया बिअर काढायला आली, तेवढ्यात माझं यंत्र सुरू झालं आणि मी माझ्या एका आखूड पायावर खडखडू लागलो.

"अहो, इकडे या! पोझनिक माझ्या डोळ्यांदेखत खाली सरकला. हा घ्या तुमचा चोर. हा म्हातारा थरथरतोय, आणि पोझनिकचं लोहचुंबक ढिलं!"

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरेस्ट खाली वाकला, माझा आखूड पाय पाहून उठला. मग टीव्ही तसाच सोडून, किल्ली उचलून बाहेर पडला. परतला तो लाइलला घेऊन.

"चुकलं माझं," दारातच तो म्हणाला.

लाइलनं माझ्यावर हात ठेवून थरथर पाहिली. "चकती गेल्यावर पोरगा परत येतो का ते बघायचं, असं तूच सांगतोस ना? तीन महिने बघत होतो मी."

"मग?"

"फार हळू आलास. विसावा नंबर. पण यादीत आहेस."

पोझनिक कितवा निवडला गेला, ते त्या गडबडीत दोघांनीही पाहिलं नाही.

माझ्या आखूड पायाखाली आता हॉकीची एक जुनी चकती आहे. मी हलत नाही. मित्रांनो, माणसावर बोट रोखण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या फ्रीजच्या पायाशी एकदा वाकून बघा. आम्हाला कबुली देता येत नाही हो.