नकाशाच्या रुंदीचं मशीन

ज्येष्ठ संपता संपता आमच्या गावच्या नकाशात पाणी चढायला लागलं, आणि त्याच सुमाराला नकाशा रुंदही व्हायला लागला. पाण्याचं मला फारसं नवल वाटलं नाही. रुंदीची मात्र काळजी वाटली, कारण माझ्या दुकानातल्या मशीनवर तो आधीच मावत नव्हता.

गाव म्हणजे सोनघळ. ते धरणात गेलं त्याला एक आयुष्य होऊन गेलं. नकाशा त्याच्या आधीचा आहे, कोणाचं किती जाणार हे ठरवायला मोजणीवाल्यांनी शाईनं काढलेला, मागून कापड लावलेला. त्यामुळे त्यात कधी पाणी नव्हतं. माझे यजमान मोजणी कचेरीत शिपाई होते. जुने कागद निकालात काढले तेव्हा त्यांनी हा नकाशा काखेत मारून घरी आणला आणि म्हणाले, "घे, तुझं माहेर आणलंय." ते गेल्यावर मी कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि नकाशा दुकानातल्या कपाटावर ठेवून दिला.

पाणी खालच्या कडेनं यायचं. तिथं नदी आहे. बोट लावलं तर बोट ओलं व्हायचं आणि त्याला शेवाळाचा वास यायचा. मी नकाशा कपाटावरून काढून दुकानाच्या फळीवर टाकला आणि खाली एक ताट ठेवलं. दुपारपर्यंत ते भरायचं, मग मी ते रस्त्याच्या कडेला ओतून यायची.

आई वरच्या आळीत असते. नकाशाला कान लावला की तिचं बोलणं ऐकू येतं.

"शेवंते, पाणी देवळापाशी आलं बघ."

"दिसतंय मला."

"दिसतंय तर कर की काहीतरी. छापायचं दुकान हाय न्हवं तुझं? सगळ्या तालुक्याचे सातबारे छापतीस आणि आईचं एक घर छापून हुईना तुला?"

पुनर्वसनाच्या गावठाणात पत्र्याच्या खोलीत आई केव्हाच माझ्या मांडीवर गेली. पण नकाशातली आई नकाशाच्या वयाची आहे, मी तिच्या कडेवर होते तेव्हाची. माझ्या सुनेपेक्षाही लहान. मी सत्तरी ओलांडलेली. तरी ती आईसारखीच बोलते आणि मीही लेकीसारखीच ऐकून घेते.

प्रत काढायची हे मलाही पटत होतं. धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं, की भिजलेल्या कागदाची झेरॉक्स कोरडी निघते. डाग उमटतो, ओल उमटत नाही. नकाशाची एक प्रत निघाली की आई कोरड्यात गेली.

आधी मी माझ्याच मशीनवर तुकडे काढले. नकाशा सरकवत सरकवत प्रती घेतल्या आणि चिकटपट्टीनं जोडल्या. पण मशीन प्रत्येक कागदाला कडेनं नखाएवढी कोरी जागा सोडतं. ती कोरी जागा नेमकी आमच्या चुलीवरून गेली. जोडलेल्या प्रतीत आई दारात उभी होती, पण तिचा डावा हात कोपरापासून नव्हता आणि ती बोलत नव्हती. आमची शेळी कोऱ्या पट्टीपाशी येऊन थांबली होती. मी ती प्रत नकाशाशेजारी धरली.

"ही कोण?" आईनं विचारलं.

"तूच."

"मी न्हवं ती. गुंडाळून ठेव. फाडू नगस, पण गुंडाळून ठेव."

म्हणजे एकाच कागदावर, एकाच दमात निघायला हवी होती. त्यासाठी रुंद मशीन लागणार होतं, इंजिनिअर लोकांचे मोठे नकाशे काढतात तसलं. पतसंस्थेतली माझी ठेव मोडली तरी नवं मशीन येत नव्हतं हे मला फोनवरच कळलं.

"मॅडम, तुमचं बजेट किती?" कंपनीच्या मुलीनं विचारलं.

"तीन हात आणि वर चार बोटं."

"पैशात सांगाल का?"

"पैसे त्याहून कमी आहेत," मी म्हणाले. तिनं फोन ठेवला.

मग मी कोल्हापूरला जुन्या मशीनच्या दुकानात गेले. निघताना नकाशाच्या रुंदीएवढी सुतळी कापून पिशवीत टाकली. एसटीत खिडकीशी जागा मिळाली. बाहेर फणस दिसला आणि मला आमच्या परड्यातला फणस आठवला. त्याला अगदी बुडाशी फळं लागायची आणि आई त्यांच्यावर गोणपाट टाकायची, लोकांची दृष्ट नको म्हणून. दुकानात पोचून सुतळी काढली तर ती वीतभर लांब झाली होती.

ते दुकान चांगलं होतं. परवडणारी मशीनं दाराशी होती आणि रुंद मशीनं आत. मी सुतळी धरून आत चालत गेले. एकेका मशीनला लावून बघायची, कमी पडलं की पुढं. चालता चालता वाटलं, आमची आळीही अशीच लांब होती, टोकाला पिंपळ होता, त्याच्या पारावर गंगू न्हावीण ओल्या केसांनी बसायची. दुकान आणखी लांबलं. मागं वळून बघितलं तर दार काडेपेटीएवढं दिसत होतं. सुतळी माझ्या पायांत लोळत होती.

"आजी, काय मोजताय?" तिथल्या माणसानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले आणि परत फिरले. दारापर्यंत यायला संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी नकाशा पसरला तर खालची कड तेवढीच होती. वरची कड दोन्ही बाजूंनी बाहेर आली होती. वरच्या आळीत फणस होता, पिंपळ होता, पार होता, गंगू होती. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं होतं.

"तू आठवतीस म्हणून हे व्हतंय," आई म्हणाली.

"मी मुद्दाम नाही आठवत."

"मुद्दाम आठवतीस असं कोन म्हणतंय? पण तू एकेक आणून ठेवतीस आन् जागा लागती. आता गप बस काही दिवस. मनात काही आणू नगस."

मी प्रयत्न केला. गिऱ्हाईक आलं की त्याच्याकडेच बघायचं, मशीनच्या काचेतला उजेड बघायचा, दाखल्यावरचे शिक्के बघायचे. पण कोणी आंघोळ करून आलेलं असायचं आणि त्याला शिकेकाईचा वास यायचा. कोणी हातातली पिशवी आईसारखी कमरेला टेकवायचं. नकाशा फळीवरून भिंतीवर चढला. मी माझी खुर्ची मागं घेतली, मग कपाट मागं घेतलं. शेवटी गिऱ्हाइकाला आत यायला जागा उरली नाही. ते रस्त्यावरून कागद द्यायचे आणि मी नकाशाखालून हात काढून घ्यायची.

त्याच आठवड्यात दस्तगीर बागवान आले. जुनी मशीनं घेतात आणि विकतात. माझं पहिलं मशीन त्यांनीच दिलं होतं.

"आक्का, तुमच्या नकाशाचं ऐकलं. माझ्याकडं एक धूड पडलंय. एका कचेरीच्या लिलावातलं. रुंदी बघाल तर गाढव आडवं जाईल."

"परवडेल मला?"

"तुम्हाला परवडेल. दुसरं कोणी घेत नाही."

"का?"

"ते उलटं फिरत नाही. कागद एकदा धरला की धरला, मागं सोडत नाही, मधे थांबत नाही. आजकाल लोकांना सगळं मागं घ्यायची सवय लागलीय." ते हसले. "तुम्हाला कुठं मागं घ्यायचंय? एकच तर प्रत काढायची."

मी ठेव मोडली.

मशीन टेम्पोतून आलं. दारातून मावेना म्हणून शटर काढलं, तरी मावेना म्हणून चौकटीशेजारच्या विटा काढल्या. ते आत गेलं तेव्हा भिंतीपासून भिंतीपर्यंत बसलं. कागद घालायची बाजू आत आली आणि प्रत निघायची बाजू रस्त्याकडे. मी आतच होते. मशीनवरून बाहेर जाता येत नव्हतं आणि खालूनही नाही.

"बाहेर कशी येऊ, दस्तगीरभाई?"

"काम झालं की मशीन खोलू. तोवर बसा की निवांत. मी हितं प्रत धरायला उभा आहे. मोठ्या कागदाला दोघं लागतातच."

ते खरं होतं. मोठा कागद एकट्यानं घातला तर तिरका जातो.

मी नकाशा उचलला. तो ओला आणि जड होता, आणि त्याच्यात धान्य भरल्यासारखं काहीतरी हलत होतं. आमचं घर आधी आत घालायचं माझ्या मनात होतं. पण वरची कड मशीनच्या तोंडापेक्षा वीतभर रुंद निघाली. खालची नदीकडची कड बरोबर बसत होती. मशीन मावेल तीच कड धरतं. मी ती रोलरला लावली आणि त्यानं ती घेतली.

"निघतंय का?" मी विचारलं.

"झकास निघतंय," पलीकडून दस्तगीरभाई म्हणाले. "नदी एकदम कोरडी. वाळू न् वाळू दिसतीय, आक्का. धोंड्यांवरच्या रेघा मोजून घ्या."

इकडे मला वेगळं दिसत होतं. रोलर नकाशा दाबून घेत होता आणि दाबलेलं पाणी मागं फेकत होता. जे आत जाईल ते कोरडं होत होतं, पण त्याचं पाणी बाहेर राहिलेल्या भागावर चढत होतं. मारुती बुडाला. खालची आळी बुडाली. मी बंद करायचं बटण दाबलं. ते थांबलं नाही, दस्तगीरभाईंनी सांगितलं होतं तसंच.

"आई, वर ये. माझ्याकडे ये."

"आलोयच की. सगळीच आलोय."

आळीतून लोक वर चढत होते. बायका, गडी, डोक्यावर बोचकी, हातात जे सापडलं ते. पाणी त्यांच्या मागं होतं. ते माझ्या हातांकडे येत होते, कारण मी धरलेली कड तेवढीच कोरडी होती. थोड्या वेळानं सगळं सोनघळ माझ्या दोन अंगठ्यांच्या मध्ये येऊन उभं राहिलं. माझे हात मशीनच्या जवळ जवळ जात होते. कडेचा वीतभर भाग दोन्हीकडून तोंडाबाहेर राहिला होता आणि रोलर तिथं पोचला की कागद फाटणार होता.

"मावत नाही, आई."

आईनं मागं वळून लोकांना काहीतरी सांगितलं. मग एका बाईनं डोक्यावरचं खाली पाण्यात ठेवलं. ते गोल होतं. काय होतं ते आता मला सांगता येत नाही. कड बोटभर आत आली. मग एका माणसानं दोरीनं धरलेलं काहीतरी सोडून दिलं. त्याला चार पाय असावेत. कड आणखी आत आली. त्यांनी एकेक वस्तू ठेवली, आणि ज्यानं जे ठेवलं ते माझ्या डोळ्यांसमोरून पुसलं जात होतं. आमच्या परड्यात एक झाड होतं. त्याच्या फळांवर आई काहीतरी टाकायची. एका पारावर एक बाई बसायची आणि तिचे केस ओले असायचे, एवढंच राहिलं, मग तेही राहिलं नाही.

"आक्का, देऊळ आलं," पलीकडून आवाज आला. "काय सुरेख आलंय."

लोकांचे हात रिकामे झाले. आता ठेवायला कोणाकडे काही नव्हतं. पाणी आईच्या घोट्याला लागलं होतं.

"अजून थोडं राहिलंय," मी म्हणाले. "तुझ्याजवळ काय आहे?"

आईनं उजवा हात वर करून दाखवला. तो रिकामा होता. डाव्या हातानं तिनं कडेवर एक पोरगी धरली होती. पोरीनं मूठ तोंडात घातली होती आणि ती माझ्या अंगठ्याकडे बघत होती. कड अजून बोटभर बाहेर होती.