जांभळ्या फांद्या

नवरा पाण्याखाली असेपर्यंत ती होडीत कंप्रेसरपाशी बसून असायची. हवेची नळी तिच्या हातातून खाली जायची. नळीला झटका बसला की जाळी वर ओढायची. जाळीत फुलपाखरू मासे असायचे. तळहाताएवढे, पिवळेधमक, डोळ्यांवरून काळा पट्टा गेलेले. शोभेच्या काचेच्या टाक्यांसाठी व्यापारी ते घेऊन जायचा.

"नटूनथटून फिरतात लेकाचे," नवरा म्हणायचा. "खाली प्रवाळाच्या जांभळ्या फांद्यांत रोज लग्नघर असतं."

त्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि उथळ पाण्यातलं प्रवाळ पांढरं पडलं. हे मासे प्रवाळ टोचून टोचून खाणारे. ते खोलात गेले, त्यांच्यामागे हाही गेला. एके दिवशी नळी फाटली. तो एका दमात वर आला, होडीत चढला, हसलासुद्धा. किनारा येईपर्यंत त्याचे पाय गेले होते. रक्तात बुडबुडे अडकले, आता हे असंच राहणार, असं डॉक्टर म्हणाले.

हिवाळाभर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मग एका सकाळी ती म्हणाली, "अहो, चला. तुम्ही नळी सांभाळा, मी उतरते."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मग काय, ही भिंत खायची?"

तिने त्याला पाठुंगळी घेऊन होडीत बसवलं.

त्याने सांगितलेल्या जांभळ्या फांद्या तिला पाण्याखाली कुठेच दिसल्या नाहीत. सगळीकडे शेवाळाने माखलेले करडे सांगाडे, हात लागला की मोडणारे. खूप खाली, एका कपारीत ओंजळभर प्रवाळ जिवंत होतं. त्याच्याभोवती एकच फुलपाखरू मासा घिरट्या घालत होता. पोट खपाटीला गेलेलं. तो पळालाही नाही. क्षणभर तिचा हात अडला, मग तिने जाळी टाकली.

त्याने बजावल्याप्रमाणे थांबत थांबत ती वर आली. नळी त्याने इतकी घट्ट धरली होती की त्याची बोटं तिला सोडवावी लागली.

"एकच?"

"हात बसायला वेळ लागेल."

"आणि फांद्या? दिसल्या का गं?"

ती तोंड पुसत राहिली. "दिसल्या की. तुम्ही सांगायचा तशाच."

कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा उजळला. उद्या कुठे उतरायचं, कुठल्या खडकाआड मासे लपतात, ते तो हातवारे करून सांगत सुटला. ती हं, हं करत ऐकत राहिली.