शंभराच्या आत

धांदलीची नाडी एकशे बत्तीस भरली आणि घोडं तिथेच अडलं.

धांदल हे तिचं घरातलं नाव. लहानपणी एकाच पायात दोन्ही मोजे चढवून शाळेला पळालेली पोर, तिला दुसरं काय म्हणणार? आता ती एकोणीस वर्षांची होती. नर्सिंग कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं होतं आणि त्या नावापाठोपाठ दुसरी यादी हातात पडली होती: गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, काविळीच्या लशीचे तीन डोस, तीन गणवेश, पांढरे बूट, सेकंद काटा असलेलं घड्याळ, फीचा पहिला हप्ता आणि वर अनामत. अनामत कशाची, हे कॉलेजच्या खिडकीतल्या बाईंनाही धड सांगता आलं नव्हतं. पण भरायची म्हणजे भरायची! बाबा रंगारी. त्यांनी तीन महिने एकही सुट्टी न घेता शिडीवर काढले होते आणि सगळं जमवलं होतं.

राहिला होता डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला. आज शेवटचा दिवस. पाचला खिडकी बंद, की जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीची.

"धावत आलीस का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, बसने."

"मग बाहेर बस जरा. शंभराच्या आत आली की सही करतो."

अर्ध्या तासाने एकशे अडतीस. आता शांत हो म्हटल्यावर कधी कुणी शांत झालंय? दवाखान्याच्या बाकड्यावर बापलेकीची अक्षरशः पाचावर धारण बसली होती. बाबा भिंतीच्या रंगाकडे बघत होते. "एकच हात मारलाय, लबाड," ते पुटपुटले. एरवी ती हसली असती.

तिची ती दशा दवाखान्यातल्या वयस्कर सिस्टरांना बघवेना. त्या म्हणाल्या, "स्वतःच्या नाडीवर कान लावून बसू नकोस गं. बाबांची मोज. नाहीतरी तेच शिकायला चाललीयेस ना? दोन बोटं इथे, अंगठ्याच्या खाली. पूर्ण मिनिटभर."

तिने बाबांचा हात मांडीवर घेतला. नखांच्या कडेला पांढरा रंग सुकला होता. ती नव्या घड्याळाकडे बघत मोजू लागली. अकरा, बारा, तेरा, आणि मग काहीच नाही. मग दोन ठोके एकमेकांवर आदळल्यासारखे आले. आपलंच बोट सरकलं असेल, म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सातव्याला चुकलं. विसाव्याला चुकलं.

"बाबा, तुमची नाडी..."

त्यांनी हात हळूच काढून घेतला. "माहितीये मला. शिडी चढलो की छातीत फडफडतं. सहा महिने झाले."

"सहा महिने? आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तपासण्या लागल्या असत्या मागे. मग हप्ता कुठून भरला असता? आता तोंडाला कुलूप लाव. पाचनंतर काय ते बघू."

तेवढ्यात सिस्टरांनी तिलाच हाक मारली. ती खुर्चीत बसली, हात पुढे केला. एक मिनिट. एवढंच गप्प बसायचं होतं. उघड्या दारातून बाबा दिसत होते, फाइल छातीशी धरून, डोळ्यांनी तिला दटावत. तिला त्यांचा राग आला, अगदी रडू येईल इतका राग आला.

"एकशे चव्वेचाळीस," सिस्टर म्हणाल्या. "अगं, झालं तरी काय?"

"माझं राहू द्या. बाबांचं बघा. त्यांचे ठोके चुकतायत."

"पाचला खिडकी बंद होते, डॉक्टर!" बाबा दारातून ओरडले. पण डॉक्टरांनी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि टेबलावर आडवं केलं.

मग धांदलीने धांदल केली नाही. तिने बाबांच्या शर्टाची बटणं काढली, सिस्टरांनी सांगितलं तसे हातापायांना ईसीजीचे चिमटे लावले, थंडगार पावलं स्वतःच्या ओढणीत गुंडाळली. "हलू नका. बोलूही नका," ती म्हणाली आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी तिचं ऐकलं. यंत्रातून कागद बाहेर येत होता. तिच्या मोकळ्या मनगटावर सिस्टरांची दोन बोटं कधी आली, तिला कळलंही नाही.

डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. "यांना आज घरी सोडायचं नाही. मोठ्या दवाखान्यात हलवू. वेळेवर कळलंय, पण आता उशीर नको."

"आणि हिची ब्याण्णव," सिस्टर म्हणाल्या. "मिनिटभर मोजलीये मी. करा सही."

सव्वाचार. कॉलेज बसने अर्ध्या तासावर. सही केलेला दाखला हातात घेऊन ती टेबलाजवळच उभी राहिली, पाय उचलेना.

"तुझ्या आईला फोन केलाय, ती निघालीये. गाडीही बोलावलीये. तोवर मी आहे इथे," सिस्टर म्हणाल्या. "तू पळ."

"ऐक," बाबा म्हणाले. "तुझं घड्याळ ठेवून जा. इथून भिंतीवरचं दिसत नाही."

तिने घड्याळ त्यांच्या मनगटात घातलं. पट्ट्याचं शेवटचं भोकही जेमतेम पुरलं.

खिडकीशी पोचली तेव्हा पाचला सहा मिनिटं कमी होती. बाईंनी एकेका ओळीवर बोट ठेवून यादी वाचली. दाखला. लशी. हप्ता. अनामत. बूट.

"सेकंद काटा असलेलं घड्याळ?"

"आहे."

त्यांनी तिच्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं. "कुठंय?"

"दवाखान्यात, बाबांच्या हातात," धांदल म्हणाली. "पाच वाजायच्या आत तुम्ही शिक्का माराल, म्हणून काट्याकडे बघत पडलेत."