बसवलेला घटघट्या

घटघट्या आजवर पाच वेळा मेला होता आणि पाचही वेळा त्याला मन्मथनंच मारलं होतं. एवढे खून करून माणूस एव्हाना नामांकित झाला असता. मन्मथ मात्र नांदेडच्या एका छापखान्यात मागच्या खोलीत, शाईच्या गळक्या बाटलीशेजारी बसून सहाव्या खुनाचा विचार करत होता.

घटघट्या जन्मला बहात्तरच्या दुष्काळात. छापखान्याचे मालक शेषेराव ‘बाळगोदा’ नावाचं मुलांचं मासिक काढत आणि त्यातल्या चित्रकथा मन्मथ रेखाटत असे. ते म्हणाले, “मन्मथ, विहिरी आटल्या. पोरं विचारून राहिली पाणी गेलं कुठं. आपण सांगू, राक्षसानं पिलं!” मन्मथनं त्याला देवणीच्या बैलाची शिंगं दिली, टँकरएवढं पोट दिलं आणि सोंडेसारखा लांब ओठ दिला. तो ओठ विहिरीत सोडला की घट् घट् घट्. त्याच्याविरुद्ध लढायला एक शूर नायकही काढला होता. त्याचा भांग फार सुबक होता. नाव आता मन्मथलाही आठवत नसे.

चौथ्या अंकात नायकानं घटघट्याला मारलं. आणि तिथंच मन्मथच्या हातून ती चूक झाली.

मेलेल्याचं पुढं काय करायचं? मन्मथ लिंगायत. त्याच्या घरी मेलेल्याला बसवतात. मांडी घातलेली, पाठ ताठ, कपाळाला भस्म, वर बेलाचं पान आणि मग माती. दुसरं काही करतात हे त्याला ऐकून माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं. शिवाय त्याच महिन्यात देवणीला त्याचे वडील मडिवाळप्पा वारले होते. जमीन इतकी तापलेली, की पहार टणकन वर यायची. सकाळी लागलेली माणसं दुपारपर्यंत खणत होती. तरी वडिलांना आत बसवलं तेव्हा पटका खड्ड्याबाहेर दिसत होता. पुन्हा वर घेतलं, पुन्हा खणलं, पुन्हा बसवलं.

नांदेडला परत आल्यावर त्यानं घटघट्याला तसंच बसवलं. बेलपानासकट.

पंधरा दिवसांत पोस्टकार्डांचं पोतं आलं. बाकीच्या समाजात साधी माणसं जाळतात आणि बसवतात फक्त साधुमहाराजांना. देगलूरच्या एका वाचकानं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : “बसवलेला मरत नसतो. आमच्या गावचे महाराज तीनशे वर्षांमागं बसले, अजून नवसाला पावतात. घटघट्या समाधीत आहे. कधी उठणार ते कळवावे.”

शेषेरावांनी पोतं हातानं तोलून पाहिलं. “मन्मथ, उठव त्याला.”

मग तो उठतच राहिला. चौऱ्याहत्तरला डोंगरावरून ढकलला, उठला. सत्त्याहत्तरला गोदावरी पिऊन फुटला, तुकडे गोळा होऊन उठला. एकदा वीज पडली. एकदा नायकानं त्याला मिठाचा डोंगर चारला. दर वेळी कारण एकच छापलं जाई : ‘समाधीचं तेज’. नायक कंटाळून एका अंकात मावशीकडे गेला तो परतलाच नाही. कुणी विचारलंही नाही.

या दहा वर्षांत मन्मथची बायको शिवकांता लातूरला शाळेत शिकवत होती. मन्मथ महिन्यातून दोन दिवस तिच्याकडे जाई आणि तिथंही घटघट्याची पानं पुरी करी. ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या उघडल्या. एका कचेरीत नकाशे काढणाऱ्याची जागा निघाली. शिवकांतानं अर्ज भरूनच पाठवला, सोबत चिठ्ठी : “तुमचा राक्षस मरंना अन् माझा संसार उभा ऱ्हाईना. आता यायचं तर या.”

अर्जाला अनुभवाचा दाखला लागत होता. तो शेषेरावच देऊ शकत होते.

“देतो की,” शेषेराव म्हणाले. “मी काय तुला दाव्याला बांधलंय? पण घटघट्याला अर्धवट टाकून जायचं न्हाई. वाचकांनी मानला पाह्यजे असा मार, अन् जा.”

“मालक, पाच वेळा मारलाय.”

“बसवलास अन् बसलास! अरे, जाळ त्याला. आमच्यात जाळतेत, कोण उठलंय आजपस्तोर?”

“आमच्यात जाळत न्हाईत,” मन्मथ म्हणाला.

“तुमच्यात? घटघट्या तुमच्यातला कधी झाला?”

याला उत्तर होतं, पण ते मालकाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्यानं आठवडाभर कागद कोरा ठेवला. मग शिवकांताची चिठ्ठी पुन्हा वाचली आणि बसला. दहा वर्षांत घटघट्याला आडवा कधी काढलाच नव्हता. आडवा पडल्यावर तो ओळखूच येईना. शिंगं लाकडात अडकत होती. शेषेराव मागून डोकावले, “अरे, चूल पेटवून राहिलास का? लाकडं नीट रच.” मन्मथ गोदावरीच्या घाटावर जाऊन लांबून पाहून आला. मग जाळ काढला. जाळ चांगला जमला, याचं त्याला जास्त वाईट वाटलं.

या वेळी पोतं आलं नाही. अकरा कार्डं आली. सगळ्यांत शोक. एकानं अस्थी कुठं सोडल्या ते विचारलं होतं. घटघट्या मेला. शेषेरावांनी दाखल्यावर शिक्का मारला आणि चष्मा पुसत बसले.

लातूरच्या कचेरीत साहेब होते वीरण्णा, उदगीरकडचे. मन्मथनं नव्या जिल्ह्याची हद्द एका दमात काढली. साहेब खूश झाले. “हात सफाईदार आहे. कामाचे नमुने आणलेत?”

मन्मथनं ताजा अंक पुढं केला. दुसरा नमुनाच नव्हता.

साहेबांचा चेहरा उजळला. “घटघट्या! म्हणजे तुम्हीच ते? अहो, आमच्या आईला मी मोठ्यानं वाचून दाखवायचो. ती म्हणायची, राक्षस असला तरी रीतीनं बसवला, काढणारा आपल्यातलाच असणार.” बोलत बोलत त्यांनी शेवटचं पान उलटलं आणि जाळावर बोट ठेवलं. “हे काय केलंत?”

“संपवायचा होता, साहेब.”

“पण जाळलंत?” आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. “आई शहाऐंशीची आहे. दर महिन्याला विचारते, घटघट्या काय करतोय. हे पान तिला कसं दाखवू?”

मन्मथला एकदम तो पटका दिसला, खड्ड्याच्या काठावर. “मलाही काढवत नव्हतं,” तो म्हणाला.

“मग झालं तर. जागा तुमची. रुजू व्हायला महिना आहे. तेवढ्यात त्याला रीतीनं बसवून या. एक अंक, बस्स.”

शिवकांता बाहेर व्हरांड्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. “एकच अंक ना?” तिनं विचारलं.

“एकच,” मन्मथ म्हणाला. दोघांनीही एकमेकांकडे पाहणं टाळलं.

दुसऱ्या दिवशी नांदेडला शेषेरावांनी त्याला दारातच पाहिलं. सगळं ऐकून घेतलं, “हाव, हाव” करत मान डोलावली आणि मागच्या खोलीचं कुलूप काढलं. शाईची बाटली होती तिथंच होती. राखेतून घटघट्याला गोळा करायला दोन पानं लागली, मारायला अर्धं. मग मन्मथनं त्याला मांडी घालून बसवला. पाठ ताठ. कपाळाला भस्म. हात किती सहज चालत होता.

शेषेराव मागं येऊन उभे राहिले.

“झ्याक,” ते म्हणाले. “फकस्त खड्डा जरा मोठा काढ. उठताना शिंगं अडकतेत.”

मन्मथनं रबर उचललं आणि खड्ड्याचा काठ खोडायला घेतला.